तीनशे बारा नियमांचे मामा

विद्यापीठाच्या त्या विभागात माझं काम माणसांचं बोलणं कापण्याचं होतं. कात्री लागत नसे, पेन्सिल पुरे. कुणाला तरी एक कोडं सोडवायला देत आणि सांगत, सोडवताना जे जे मनात येईल ते मोठ्याने बोला. बाजूला टेप चालू असे. मग ती टेप माझ्याकडे येई. मी ती ऐकून टाइप करायची आणि पेन्सिलीने रेघा मारायच्या, एका रेघेपासून दुसऱ्या रेघेपर्यंत एकच विचार राहील अशा. प्रत्येक तुकडा एका कार्डावर, आणि कार्डांवरून नियम. नियमाचा साचा ठरलेला होता: जर अमुक असेल, तर तमुक कर.

आमच्या सरांचं म्हणणं असं, की माणसाचा विचार म्हणजे अशा नियमांचा एक ढीग. डोक्यात एका वेळी फार मावत नाही, पाच-सात गोष्टी. त्यांच्याकडे पाहून ढिगातला जो नियम ‘हे माझं काम’ म्हणून हात वर करतो, तो चालतो. तो चालला की डोक्यातल्या गोष्टी बदलतात, मग दुसरा कुणी हात वर करतो. दोघांनी एकदम हात वर केले तर ज्याची अट जास्त नेमकी, त्याचा मान पहिला. सर हे इतक्या शांतपणे सांगत, की ऐकणाऱ्याला वाटे यात भांडण्यासारखं काही नाहीच. मी तेव्हा पंचवीस वर्षांची होते आणि मलाही तसंच वाटे. आता पंच्याहत्तरी उलटली, तरी भाजी चिरता चिरता गॅस बारीक करायला उठले की मनात येतं, आत कुणीतरी हात वर केला.

आमच्या कामात एक गोष्ट कडक पाळायची असे. बोलणारा पाच सेकंदांहून जास्त गप्प राहिला, की शेजारी बसलेल्याने फक्त दोन शब्द उच्चारायचे: ‘बोलत राहा.’ का थांबलात, कसला विचार चाललाय, हे विचारायचं नाही. विचारलं की माणूस कारणं रचायला लागतो. टाइप करताना ती गप्प जागा टिंबांनी दाखवायची, एका सेकंदाला एक टिंब, आणि टिंबांच्या जागी दुसरं काहीही लिहायचं नाही. हे मी पाळलं नाही. त्याचं काय झालं ते पुढे येईलच.

दोन वर्षांत कोडी संपली. सरांना आता खरं काम करणारा माणूस हवा होता. जो समोरची वस्तू न बघता, कुणाच्या तरी सांगण्यावरून निर्णय घेतो असा. मी म्हटलं, “सर, असे एक माझे मामा आहेत.”

मामा म्हणजे माझ्या आईचे धाकटे भाऊ. आई गेल्यावर मी त्यांच्याच घरी वाढले. बावीस वर्षं ते लिफ्ट दुरुस्त करत हिंडले. मग दोन्ही गुडघे गेले आणि कंपनीने त्यांना फोनवर बसवलं. एक लांबट खोली, एक टेबल, दोन टेलिफोन, भिंतीवर शहरातल्या इमारतींची यादी, आणि एका फळीवर खिळ्यांना टांगलेल्या मेकॅनिकांच्या पितळी चकत्या. कुठलीही लिफ्ट अडली की फोन मामांना येई. ते दोन मिनिटं ऐकत आणि ठरवत, काय बिघडलंय, कोण जाणार, आणि जाताना कुठला सुटा भाग घेऊन जाणार. भाग चुकला तर मेकॅनिकला पुन्हा खेप. मामांच्या हातून फार खेपा होत नसत.

मी घरी हे काढलं तेव्हा ते जेवत होते.

“म्हणजे माझं डोकं उघडून बघणार तुझे सर?”

“तुम्ही नुसतं बोलायचं, मामा. जे मनात येईल ते.”

“त्यासाठी तुझ्या मामीला घेऊन जा. तिच्या मनात आलेलं सगळं गल्लीला ठाऊक असतं.”

मामी ओट्यापाशी पाठमोरी होती. “भात हवाय का आणखी?” ती म्हणाली. “की मनात आला की मोठ्याने सांगाल?”

आमच्या विभागात या नियमांवरून संगणकासाठी प्रोग्रॅम लिहिणारा एक तिशीतला गृहस्थ होता. त्याच्या प्रोग्रॅममध्ये शब्दांपेक्षा कंस जास्त, ओळीच्या शेवटी तर नऊ-नऊ कंस एकामागोमाग बंद होत, म्हणून सगळे त्यालाच कंस म्हणत. मी दोघांची ओळख करून दिली तेव्हा मामांनी त्याला आपादमस्तक न्याहाळलं.

“कमाल आहे,” ते म्हणाले. “मामा मी, आणि कंस तुम्ही?”

तेव्हापासून दोघांचं जमलं.

चौदा महिने, दर मंगळवारी आणि शुक्रवारी, मी टेप घेऊन मामांच्या त्या लांबट खोलीत बसले. रिसीव्हरला एक छोटा मायक्रोफोन चिकटवला होता, म्हणजे पलीकडचंही टेपवर येई. फोन आला की मामा ऐकत, मग बोलायच्या भागावर तळहात ठेवून टेपशी बोलत: “दुसऱ्या मजल्यावर थांबलीय. आत कुणी नाही. दार लागतंय म्हणतात. बटण दाबलं की…” आणि मग गप्प. मी घड्याळ बघे. पाच सेकंद झाले की म्हणे, “बोलत राहा.” ते माझ्याकडे न बघताच हात उचलत, थांब म्हणून. मग पलीकडे सांगत, “पुन्हा दाबा बघू.” पुन्हा गप्प. मग एकदम: “कॉन्टॅक्ट. तिसऱ्या मजल्याच्या दाराचा.”

म्हणजे दार लागलं की विजेची जोडणी पूर्ण करणारी पट्टी. पण तिसऱ्याचाच का? टेपवर नव्हतं. टेपवर टिंबं होती. आणि टिंबांचं यंत्राला काही करता येत नसे. कंस वैतागे. “‘तर’ आहे, ‘जर’ कुठाय? या टिंबांना मी खायला काय घालू?”

मला उत्तर माहीत असे. निदान तसं वाटे. मी लहानपणापासून जेवणाच्या ताटावर लिफ्टच ऐकत आले होते. कुठल्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर कागदपत्रांच्या ढकलगाड्या ये-जा करतात आणि दाराला आपटतात, हे मला पाठ होतं. तेव्हा मी कार्डावर टिंबांच्या जागी लिहिलं: जर तिसऱ्या मजल्यावर ढकलगाड्यांची वर्दळ असेल. किती सरळ! मामांना विचारलं असतं तर त्यांनीही हेच सांगितलं असतं, असं मी स्वतःला समजावलं. अशी एक-एक करत साठेक कार्डं झाली. कंस खूश, सर खूश. सगळे मिळून नियम झाले तीनशे बारा.

तोवर हे सगळं शास्त्रासाठी चाललं होतं. मग कंपनीचे सेवाप्रमुख सरांना भेटायला आले. ते नीटनेटके, घाईतले गृहस्थ होते. त्यांनी एकच गोष्ट विचारली: हे यंत्र मामांसारखं उत्तर देत असेल, तर मामांची गरज काय? फोनवर एखादी ऑपरेटर बसवू, ती तक्रार टाइप करेल, यंत्र उत्तर छापेल. सर म्हणाले, तपासून पाहू.

मामांना निवृत्त व्हायला दोन वर्षं होती. गुडघ्यांमुळे जिना नाही, म्हणजे कारखाना नाही, गोदाम नाही. फोनची ती खुर्ची गेली की घर.

तपासणी अशी ठरली: मागच्या वर्षीच्या वहीतल्या, टेप सुरू होण्याआधीच्या चाळीस तक्रारी घ्यायच्या. त्या चिठ्ठ्यांवर टाइप करायच्या. एका खोलीत मामा चिठ्ठी वाचून उत्तर देतील, दुसरीकडे यंत्र. मग उत्तरं ताडून पाहायची.

त्या दिवशी मामा इस्त्रीचा शर्ट घालून विभागात आले. यंत्र तयार व्हायला वेळ होता, म्हणून बोळातल्या बाकावर बसले. आमच्या समोरची खोली एका बाईंची. त्याही माणूस विचार कसा करतो हेच शोधत, पण त्यांना सरांचा ढीग मान्य नव्हता. त्यांच्या मते माणसाजवळ तर्काच्या मोजक्या रीती असतात आणि तो त्या सगळीकडे वापरतो, निदान वापरायला हव्यात. दोघांचं आठ वर्षं भांडण होतं आणि पाणी उकळायची किटली एकच. बाकावर मोकळा माणूस दिसला की बाई त्याला सोडत नसत. त्यांनी मामांपुढे चार पत्ते मांडले. वर दिसत होतं अ, क, चार आणि सात.

“प्रत्येक पत्त्याच्या एका बाजूला अक्षर, दुसऱ्या बाजूला आकडा. मी म्हणते, एका बाजूला स्वर असेल तर दुसऱ्या बाजूला सम आकडा असतोच. मी खोटं बोलतेय का, ते कमीत कमी पत्ते उलटून सांगा.”

मामांनी अ आणि चार उलटले.

“चूक. अ आणि सात. चारच्या मागे काहीही निघालं तरी माझं काही बिघडत नाही. सातच्या मागे स्वर निघाला तर मी खोटी.”

“बरं,” मामा म्हणाले. “तुम्ही म्हणता तर असेल.”

“आता दुसरं. चार लिफ्ट आहेत. नियम असा, की दार उघडं असेल तर लिफ्ट थांबलेली असली पाहिजे. एकीचं दार उघडं आहे, एकीचं बंद. तिसरी थांबलेली आहे, चौथी चालू. बाकी काही माहीत नाही. कुठल्या कुठल्या जाऊन बघाल?”

“उघड्या दाराची आणि चालू असलेली. बाकीच्या दोघींसाठी जिने चढायला माझे गुडघे रिकामे नाहीत.”

बाई हसल्या. “कोडं एकच होतं, मामा.”

“एकच कसं? तुमच्या पत्त्यांत कुणी मरत नव्हतं.”

बाईंनी ते वाक्य वहीत लिहून घेतलं. मामांना आत बोलावलं गेलं. तासाभराने ते बाहेर आले तेव्हा जरा दमलेले दिसले. “वाचून सांगायचं म्हणजे कटकटच आहे,” एवढंच म्हणाले.

चाळीसपैकी सदतीस उत्तरं जुळली. कंसाने छापील पट्टी फडकवली. सर स्मित करत होते, आणि सरांचं स्मित वर्षातून दोनदा दिसे. सेवाप्रमुखांनी तिथल्या तिथे सांगितलं, दोन महिन्यांनी ऑपरेटर बसेल.

घरी मामांनी ते एखादी हवामानाची बातमी सांगावी तसं सांगितलं. मामी मला म्हणाली, “तूच नेलंस ना गं यांना तिकडे?” तिने ते रागाने विचारलं नव्हतं.

“तिला कशाला बोलतेस,” मामा म्हणाले. “माझंच डोकं, माझीच बडबड.” मग थोड्या वेळाने, ताटाकडेच बघत: “दोन वर्षं राहिली होती. पुरी करून निघालो असतो तर बरं दिसलं असतं.”

त्यांच्या तोंडून एवढंच आलं. पण सतराव्या वर्षापासून कामावर जाणारा माणूस, आणि मला माहीत होतं की त्यात साठ कार्डं माझी आहेत.

दुसऱ्या दिवशी किटलीपाशी समोरच्या बाई भेटल्या.

“अभिनंदन. सदतीस म्हणे.”

“हो.”

“चिठ्ठ्या जुन्या वहीतल्या ना? मग त्या वेळी मामांनी खुद्द काय सांगितलं होतं, तेही वहीत असेल.”

“असेल.”

“तुम्ही यंत्र मामांशी ताडून पाहिलंत. मामा मामांशी कुणी ताडून पाहिले?” त्यांनी आपला कप भरून घेतला. “काल बघितलंस ना? तोच माणूस, तेच कोडं. विचारायची पद्धत बदलली की उत्तर बदलतं. त्यांचं काम कागदावरचं आहे का?”

मी दुपारी मामांच्या ऑफिसात गेले आणि जुनी वही मागून घेतली. वहीत प्रत्येक तक्रारीपुढे मामांचं उत्तर निळ्या शाईत, आणि मेकॅनिकला प्रत्यक्ष काय सापडलं ते लाल शाईत. मी चाळीसच्या चाळीस तक्रारी तपासल्या. चिठ्ठी वाचून मामांनी दिलेलं उत्तर आणि वर्षापूर्वी फोनवर दिलेलं उत्तर अकरा ठिकाणी वेगळं होतं. लाल शाईशी ताडलं तर फोनवरचे मामा अडतीस वेळा बरोबर. कागदावरचे मामा एकोणतीस वेळा. यंत्र अठ्ठावीस वेळा. यंत्र मामांसारखं झालंच होतं, पण फोन काढून घेतलेल्या मामांसारखं.

फोनमध्ये असं काय होतं, जे चिठ्ठीत नव्हतं? विभागात येऊन मी माझी साठ कार्डं बाजूला काढली, आणि ज्या टेपांवरून ती केली होती त्या पुन्हा लावल्या. या वेळी टिंबांच्या जागा ऐकल्या. इतके दिवस मी तिथे स्टॉपवॉचकडे बघत सेकंद मोजत असे, ऐकत नसे. आता कानावर हेडफोन दाबून धरला.

टिंबांच्या आत लिफ्ट होती. त्या काळी बऱ्याच इमारतींत टेलिफोन दरवानाच्या टेबलावर, म्हणजे लिफ्टच्या शेजारीच असे. मामा “पुन्हा दाबा” म्हणत, आणि पलीकडे दूरवर आवाज येई. कधी टक् असा एकच, आणि मग काही नाही: रिलेने, म्हणजे वीज जोडणाऱ्या-तोडणाऱ्या खटक्याने, पकडलं आणि लगेच सोडलं, म्हणजे कुठल्या तरी दाराचा कॉन्टॅक्ट सैल. कधी जड गुणगुण, मोटर जोर करतेय पण फिरत नाही: ब्रेक सुटलेला नाही, किंवा विजेची एक तार गेलेली. कधी अगदी शांतता: फ्यूज. ढकलगाड्यांचा यात काही संबंध नव्हता. गाड्या मी घातल्या होत्या.

आणि आणखी एक गोष्ट दिसली. मी ती शोधत नव्हते, पण टिंबं तारीखवार समोर होती. पहिल्या महिन्यात मामांची गप्प जागा चार-पाच सेकंदांची. सहाव्या महिन्यात आठ. शेवटच्या महिन्यात बारा, तेरा, एकदा चौदा. ‘पुन्हा दाबा’ पहिल्यांदा एकदा येई, शेवटी शेवटी तीनदा. मी ते आकडे एका कागदावर लिहिले, आणि तो कागद उलटा करून ठेवला.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी मामांकडे गेले आणि त्यांना सांगितलं, की ते गप्प असताना ऐकत असतात.

मामांनी डबा बाजूला सारला. “मी?”

“रिलेची टकटक. मोटरची गुणगुण. सगळं टेपवर आहे.”

“अगं, मला वाटे मी विचार करतो.” त्यांना याची खरोखर गंमत वाटली. “बावीस वर्षं मशिनखोलीत काढली. कान आपले आपणच काम करत असतील. मला सांगत नाहीत.” मग त्यांच्या लक्षात आलं. “म्हणजे तुझ्या यंत्राला कान नाहीत! मग तर ते माझ्या खुर्चीत बसूच शकत नाही!”

मी उलटा ठेवलेला कागद पुढे केला. तारखा आणि सेकंद. मामांनी तो वाचला. या वेळी त्यांना काही समजावून सांगावं लागलं नाही.

“हे मात्र मला माहीत होतं,” ते म्हणाले. “उजवा कान. गेल्या दिवाळीनंतर एका लग्नात बँडसमोर उभा होतो तरी मला वाटलं, वाजवणारे दमलेत.”

“मामीला सांगितलंत?”

“तिला कशाला सांगू? ती ओरडूनच बोलते. तिच्यामुळेच तर इतके दिवस कळलं नाही.”

मी म्हटलं, “टिंबांच्या आत काय आहे ते सरांना दाखवलं, तर यंत्र अपुरं ठरेल. पण टिंबं दाखवली की ती वाढत गेलेलीही दिसणार. कान जातोय हे कंपनीला कळणार. मी फक्त वहीतले आकडे दिले तर…”

“तर काय?”

“तर कदाचित कुणी टेपांपर्यंत जाणार नाही.”

मामा फळीवरच्या चकत्यांकडे बघत राहिले. मग म्हणाले, “अर्धी तक्रार सांगणाऱ्यांना मी आयुष्यभर शिव्या घातल्यात. ‘लिफ्ट बंद आहे’ म्हणून फोन ठेवून देतात. आता मीच अर्धी सांगू? दोन्ही दे. पण मला तीन दिवस दे आधी.”

तीन दिवस कशाला, ते त्यांनी सांगितलं नाही.

चौथ्या दिवशी मी सरांच्या खोलीत उभी राहिले आणि साठ कार्डांचं सांगितलं. पाच सेकंदांहून बराच जास्त वेळ सर गप्प होते. त्यांना ‘बोलत राहा’ म्हणायची माझी छाती नव्हती.

“म्हणजे त्या यंत्रात तुमच्या मामांचं डोकं नाही,” ते शेवटी म्हणाले. “दोघांचं आहे. आणि कुठलं कुणाचं, ते फक्त तुम्हाला माहीत.”

“हो सर.”

“हे मला छापता येणार नाही.”

त्यांनी आवाज चढवला नाही. या यंत्रावरचा लेख त्यांनी नियतकालिकाकडे आधीच पाठवलेला होता. तो त्यांनी त्याच दिवशी पत्र लिहून परत मागवला. कार्डांचं काम माझ्याकडून काढून घेतलं. पुढचे आठ महिने मी फक्त टाइप केलं, तेही दुसऱ्या कुणी ऐकून तपासलेलं. ते योग्यच होतं. मला तेव्हाही तसंच वाटलं, फक्त तेव्हा रडूही आलं.

सेवाप्रमुखांची बैठक त्याच दुपारी सरांच्याच खोलीत झाली. टेबलावर वही, टेपा, माझा कागद. त्यांनी आकडे पाहिले. अडतीस आणि अठ्ठावीस यांतला फरक त्यांना लगेच कळला. दहा चुका म्हणजे दहा खेपा. पण माझ्या कागदावर त्यांचं बोट थांबलं.

“हे काय आहे?”

मी उत्तर देण्याआधी मामा म्हणाले, “हा माझा उजवा कान आहे. निघालाय जायला.”

“मग मामा,” सेवाप्रमुख म्हणाले, आणि हे त्यांनी सभ्यपणे म्हटलं, “यंत्राला कान नाही हे खरं. पण दोन वर्षांनी तुम्हालाही राहणार नाही. मी काय करू, सांगा.”

“गेले तीन दिवस मी ऐकायचं बंद केलंय,” मामा म्हणाले.

सगळे त्यांच्याकडे बघायला लागले.

“फोनवरच्या माणसाला ऐकायला लावतो. म्हणतो, बटण दाबा आणि दाराला कान लावा. टक् होतं का? एकदा की सारखं? गुणगुणतंय का? तीन दिवसांत एकवीस फोन, वीस बरोबर. माझा कान जाईल, साहेब. तक्रार करणाऱ्याचा कशाला जाईल? लिफ्टपाशी तो उभा आहे, मी नाही.”

कंस पुढे सरकला. “म्हणजे हे प्रश्न म्हणून घालता येईल. आधी विचारायचं, मग ‘जर’.”

“घाल की. पण कुठला प्रश्न कधी विचारायचा, ते मला अजून सगळं माहीत नाही. माझ्या कानाला माहीत आहे, आणि तो बोलत नाही. एकेक फोन आला की त्याच्याकडून काढून घ्यावं लागेल. पूर्ण जायच्या आत.”

“किती दिवस लागतील?” सेवाप्रमुखांनी विचारलं.

“दोन वर्षं.”

“दोनच?”

“तेवढीच राहिलीत,” मामा म्हणाले.

सेवाप्रमुखांना हसू आवरलं नाही. सर मात्र हसले नाहीत. ते वहीत काहीतरी लिहीत होते, आणि मान वर न करता म्हणाले, दोन वर्षं वाजवी आहेत.

ती दोन वर्षं मला फार स्पष्ट आठवतात, आधीच्या चौदा महिन्यांपेक्षाही. पुढे सरांनी मला पुन्हा टेप दिली. आता टिंबांची जागा मी टिंबांनीच भरत असे, आणि खाली वेगळ्या शाईत, पलीकडे काय वाजलं ते. लोक मात्र आवाज सांगताना आमचे शब्द वापरत नसत. एका दवाखान्यातल्या बाई म्हणाल्या, आत कुणीतरी झोपेत दात खातंय. मामांनी फोनवर हात ठेवला.

“दात खातंय म्हणे. टकटक म्हणायचं असेल का गं?”

“टकटक म्हणजे दात वाजणं, मामा. खाणं म्हणजे घासणं.”

“घासणं? मग ब्रेकचा पट्टा.” पट्टाच निघाला. कंसाने विचारलं, नियमात ‘घासल्याचा आवाज’ लिहू ना? मामा म्हणाले, मुळीच नाही, ‘दात खाल्ल्यासारखा’ असंच लिही, पुढच्या वेळीही कुणी मेकॅनिक फोन करणार नाहीये. अशा नियमांत म्हातारी खोकतेय, चमचा पडला, भुंगा बाटलीत अडकलाय, असं सगळं जमा होत गेलं. सरांना हे नियम आवडत नसत. शास्त्रात ते कुठे बसवायचे, असं त्यांना वाटे. पण त्यांनी एकही काढायला लावला नाही.

समोरच्या बाई मधूनमधून येऊन मामांना नवी कोडी घालत. पत्त्यांच्या कोड्यात मामा शेवटपर्यंत चुकत राहिले.

दुसऱ्या वर्षाच्या शेवटी उजवा कान पूर्ण गेला. डाव्याने ते फोन निभावत, आणि घरी मामीला “हळू बोल” म्हणणं त्यांनी सोडून दिलं, एवढाच फरक. ठरल्या तारखेला ते निवृत्त झाले. तोवर नियम पाचशेच्या वर गेले होते, आणि रोज सकाळी त्यांतला एखादा त्यांनीच खोडलेला असे.

शेवटच्या दिवशी नवी ऑपरेटर आली, बुटकी, हसरी, जरा घाबरलेली. मामांची खुर्ची मामांच्या मापाची, उंच केलेली होती. कारण गुडघे फार वाकत नसत. ती बसली तर पाय लोंबकळायला लागले. मामा कसेबसे खाली वाकले, खालचा स्क्रू सैल केला, बैठक चार बोटं उतरवली आणि स्क्रू पुन्हा आवळला. मी मदतीला गेले तर हाताने दूर सारलं.

“आता टेकतात का पाय?” त्यांनी विचारलं.

ती हो म्हणाली. मग त्यांना ऐकू न आल्याचं पाहून पुन्हा एकदा, मोठ्याने, हो म्हणाली.